जनरल आंग सान आणि पांगलाँगचा करार



१९५४ साली पूज्य बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, म्हणून ब्रह्मदेश (आताचा म्यानमार) आपल्याला जवळचा. पण त्या देशाला स्वातंत्र्याच्या दारापर्यंत नेणारा माणूस आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

आंग सान यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१५ ला नाटमौक गावी झाला. रंगून विद्यापीठात ते विद्यार्थ्यांच्या मासिकाचे संपादक होते. एका टीकेच्या लेखाचा लेखक कोण, हे त्यांनी सांगितले नाही म्हणून त्यांना काढून टाकले. त्यावरून १९३६ चा विद्यार्थी संप पेटला. पुढे इंग्रजांना घालवायला त्यांनी जपानची मदत घेतली. माझ्या मते ही चूकच झाली. १९४३ साली जपानने स्वातंत्र्य दिले ते कागदावरचे. शेवटी २७ मार्च १९४५ ला त्यांनी आपली फौज जपान्यांवरच उलटवली.

खरी कसोटी त्यानंतर आली. देशात बर्मी लोक बहुसंख्य. पण शान, काचीन, चिन, करेण हे लोक वेगळे, आणि डोंगरी मुलखाचा कारभार इंग्रजांनी वेगळाच ठेवलेला. त्यात १९४२ साली आंग सान यांच्याच सैन्याने करेण वस्त्यांत रक्त सांडले होते. मग विश्वास कोण ठेवणार?

जानेवारी १९४७ मध्ये लंडनला पंतप्रधान ॲटलींशी करार झाला. डोंगरी लोक राजीखुशीने आले तरच एक देश, असे त्यात ठरले. आंग सान स्वतः शान मुलखात पांगलाँगला गेले. १२ फेब्रुवारीला शान, काचीन, चिन पुढाऱ्यांनी सह्या केल्या. आपापला अंतर्गत कारभार ज्याचा त्याने पाहायचा, आणि लोकशाहीचे मूलभूत हक्क सर्वांना. करेण मात्र नुसते पाहायला आले, सही केली नाही. गिरणीतल्या युनियनमध्येही लहान खात्याच्या कामगाराला आपले कोणी ऐकत नाही असे वाटले की तो वर्गणी देतो, पण मनाने येत नाही. हे तसेच. त्याच १९४७ साली बाबासाहेब आपल्याकडे अल्पसंख्याकांसाठी घटनेत संरक्षण मागत होते, हेही आठवावे.

आंग सान स्वतः बौद्ध, तरी राज्यकारभारात धर्म आणू नये या मताचे होते.

१९ जुलै १९४७ ला सचिवालयात बैठक चालू असताना बंदूकधारी आत घुसले. आंग सान अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर शान संस्थानिक साओ साम टुन, करेण नेते मान बा खाइंग, मुसलमान मंत्री अब्दुल रझाकही गेले. कटाबद्दल राजकीय प्रतिस्पर्धी ऊ सॉ याला फाशी झाली.

४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला. घटनेत शान व करेन्नी राज्यांना दहा वर्षांनंतर वेगळे होण्याचा हक्कही लिहिला गेला. पण पुढच्यांनी शब्द पाळला नाही. १९४९ ला करेण बंड उठले. १९६१ ला बौद्ध धर्म राजधर्म केला, तेव्हा बरेचसे ख्रिस्ती असलेले काचीन आणखी दुखावले. आपण बौद्धांनी हे लपवू नये. १९६२ ला आंग सान यांचाच जुना साथी ने विन याने लष्करी सत्ता आणून घटनाच गुंडाळली.

पांगलाँगचा दिवस तिथे संघदिन म्हणून पाळतात. दुसऱ्याच दिवशी आंग सान यांची जयंती असते.