लुळा हात आणि दख्खनचे कासव

इगतपुरीच्या डोंगरात पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. काही पाणी वैतरणेतून अरबी समुद्राला मिळते, तर काही दारणेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जाते. या गोदावरीच्या खोऱ्यात, तसेच कृष्णा आणि कावेरीच्या खोऱ्यांत, जगात भारताबाहेर कुठेही न आढळणारे एक कासव राहते: लीथचे मऊ पाठीचे कासव. त्याला शास्त्रीय नाव देणारे जॉन एडवर्ड ग्रे भारतात कधीच आले नव्हते.

ग्रे यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०० रोजी इंग्लंडमधील वॉल्सॉल येथे झाला. वडील सॅम्युअल ग्रे औषधशास्त्रावर लिहीत. ग्रे यांनीही वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण ओढा वनस्पतींकडे होता. ब्रिटिश वनस्पतींवरील वडिलांच्या १८२१च्या ग्रंथासाठी त्यांनी बरेच काम केले. पुढे लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांना सभासदत्व नाकारले आणि ते प्राणिशास्त्राकडे वळले.

१८२४ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी करण्यासाठी त्यांना रोजंदारीवर घेण्यात आले. मजुरी होती दिवसाला पंधरा शिलिंग. १८४० मध्ये तेच प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १८७४ पर्यंत त्या पदावर राहिले. या काळात तेथील संग्रह जगातील सर्वोत्तम संग्रहांमध्ये गणला जाऊ लागला.

१८६९ मध्ये ग्रे यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. शरीराची उजवी बाजू आणि लिहिता हात लुळा पडला. उजवी बाजू लुळी पडते तेव्हा इजा बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला झालेली असते आणि बहुतेक माणसांचे वाचेचे केंद्रही त्याच बाजूला असते. म्हणून अशा रुग्णांपैकी अनेकांचे बोलणेही जाते. ग्रे यांना मात्र मजकूर सांगता येत होता. पत्नी मारिया एमा तो उतरवून घेत. त्या स्वतः उत्तम चित्रकार होत्या, शंख-शिंपल्यांच्या प्राण्यांची चित्रे त्यांनी कोरली होती आणि पतीच्या कामात त्यांचा पहिल्यापासून वाटा होता.

१८७२ मध्ये, म्हणजे झटक्यानंतर तीन वर्षांनी, ग्रे यांनी भारतातील मऊ पाठीच्या कासवांवर लेख प्रसिद्ध केला. त्यात पुण्याच्या एका कासवाचे वर्णन होते. त्याला नाव दिले डॉ. अँड्र्यू लीथ यांचे. लीथ मुंबईच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते. मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर त्यांनी १८६४ मध्ये अहवाल लिहिला होता. सवडीने ते साप, बेडूक, कासवे गोळा करीत.

ग्रे यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. थोडासा फरक दिसला की ते नवी जात करीत. त्यांनी दिलेल्या अनेक नावांवर पुढे फुली पडली. लीथचे कासव मात्र वेगळी जात म्हणून टिकले. २००७ मधील जनुकीय अभ्यासानंतर ते ‘निल्सोनिया’ या प्रजातीत गेले. ही प्रजातीही ग्रे यांनीच केलेली.

ग्रे यांचे ७ मार्च १८७५ रोजी निधन झाले. सुमारे पाचशे लेख त्यांच्या नावावर होते. पुढच्याच वर्षी मारिया एमाही गेल्या.

कासवाचे नाव टिकले, पण कासव धोक्यात आले. मांसासाठी होणारी शिकार, मासेमारीची जाळी, वाळूउपसा, धरणे आणि नदीचे प्रदूषण यांमुळे त्याची संख्या घटली. मादी काठावर उकरून अंडी घालते, त्यामुळे काठ खणला गेला की पुढची पिढीच संपते. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात आज अतिसंकटग्रस्त आहे. २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले. वन्यजीव कायद्यानेही तिला संरक्षण दिले आहे, त्यामुळे हे कासव पकडणे, पाळणे किंवा विकणे गुन्हा आहे. जाळ्यात किंवा बाजारात असे कासव दिसले तर वन विभागाला कळवावे. दारणेकाठच्या माणसांना ग्रे यांच्या कामाला हातभार लावण्यासाठी एवढे पुरेसे आहे.