टेपवरचा कोड मशीनलाच शोधायला लावणाऱ्या ग्रेस हॉपर

मोठ्या डेटा सेंटरमध्ये बॅकअपसाठी आजही टेप वापरतात. कपाटाएवढ्या मशीनमध्ये खणाखणांत कार्ट्रिज ठेवलेल्या असतात, प्रत्येकीवर बारकोड. अमुक खणातली कार्ट्रिज अमुक ड्राइव्हमध्ये टाक, असं सॉफ्टवेअर सांगतं आणि रोबोटचा हात ती नेऊन टाकतो. हे कसं चालतं ते समजून घेताना मला ग्रेस हॉपर आठवल्या. कोबोलमुळे त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, पण मला त्यांचं त्याआधीचं काम जास्त भारी वाटतं.

जन्म १९०६, न्यूयॉर्क. येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट, मग कॉलेजात शिकवणं. दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेल्या आणि तिथून हार्वर्डच्या मार्क १ कॉम्प्युटरवर. १९४९ मध्ये युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत.

तेव्हा आधी लिहिलेला कोड पुन्हा वापरायचा म्हणजे दुसऱ्याच्या वहीतून हाताने उतरवायचा, वर प्रत्येक पत्त्यात बेरीज करायची. चुका व्हायच्याच. घाईत लिहिलेलं इंग्रजी बी पुढच्याला चक्क तेरा वाटायचं! हॉपरबाईंनी हे तुकडे मॅग्नेटिक टेपवर ठेवले आणि प्रत्येकाला नंबर दिला. प्रोग्रामरने फक्त नंबर क्रमाने लिहायचे; टेपवरून तुकडे शोधणं, पत्ते बसवणं, प्रोग्राम जुळवणं हे सगळं मशीनच करणार. १९५२ च्या सुमाराचा हा ए-झिरो कंपायलर.

खरी गोची पुढे होती. युनिव्हॅकची मेमरी १००० शब्दांची, एका शब्दात १२ अक्षरं. म्हणजे तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फोटोपेक्षाही कमी! सगळं एकाच फेरीत उरकायचं होतं. मागच्या तुकड्याकडे उडी मारायची तर पत्ता माहीत असतो, पण जो तुकडा अजून टेपवरून आलेलाच नाही त्याचं काय? इथे त्यांना बास्केटबॉल आठवला. बॉल सोबतच्या खेळाडूकडे टाकायचा, आपण पुढे पळायचं आणि तो परत घ्यायचा. त्यांनी मेमरीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात जायची. खरा तुकडा आला, जागा कळली, की कोपऱ्यातून तिकडे उडी जोडून द्यायची.

एवढं चालू असूनही लोकांना पटेना. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील? पुढे फ्लो-मॅटिक आलं, १९५९ मध्ये त्याच्याच आधाराने कोबोलचं काम सुरू झालं, मग मात्र बोलणारे गप्प झाले असावेत. १९८६ मध्ये हॉपरबाई नौदलातून निवृत्त झाल्या तेव्हा वय ७९, हुद्दा रिअर अ‍ॅडमिरल. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.