हजरत मखदूम अली माहिमी (रह.) : एका रात्रीची तरबियत

आपल्या द्रोणागिरीहून समुद्रापलीकडे मुंबई आहे आणि त्या मुंबईत माहिम आहे. सहाशे वर्षांपूर्वी माहिम हे स्वतंत्र बेट होते. तेथे, कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या नवायत घराण्यात, इसवी सन १३७२च्या सुमारास हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचा जन्म झाला.

वडील शेख अहमद विद्वान होते. परंतु मुलाच्या बालपणीच ते अल्लाहला प्रिय झाले. संगोपनाचा सारा भार वालिदा फातिमा यांच्यावर आला. त्या काळातील जी घटना घरोघरी सांगितली जाते ती आपणही ऐकली असेल. एका रात्री वालिदांनी पाणी मागितले. मुलगा प्याला घेऊन आला, तोवर त्यांना झोप लागली होती. त्यांची झोप मोडू नये आणि जागेपणी त्यांना तहानेने वाट पाहावी लागू नये, म्हणून तो प्याला हाती धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. जाग आल्यावर वालिदांनी त्याच्यासाठी मनापासून दुआ केली.

या घटनेतील करामतीचीच चर्चा अधिक होते. आपण मात्र तिच्यातील तरबियतीचा विचार करावा. प्रत्येक बालक फितरतीवर जन्मते, म्हणजे भलेपणाचे बीज त्याच्या ठायी असते, ही इस्लामची शिकवण आहे. पण बीज आपोआप वृक्ष होत नाही. आईच्या प्रेमातून सेवा येते, सेवेच्या सवयीतून सब्र येतो. पुढे इल्म त्या सवयीला अर्थ देते आणि आईपुरती असलेली माया परक्यांपर्यंत पोहोचते.

मखदूम साहेबांचे आयुष्य याच क्रमाने उलगडले. ते फकीह झाले, माहिमचे काजी झाले. ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही अशांचे तंटे ऐकून न्याय देणे, हे त्यांचे कर्तव्य ठरले. त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली. एका आयतीचा पुढच्या आयतीशी असलेला संबंध उलगडणे हे तिचे वैशिष्ट्य. ही तफसीर पुढे इजिप्तमध्येही छापली गेली. हिजरी ८३५ मध्ये त्यांचे निधन झाले. माहिमच्या दर्ग्यात त्यांच्या शेजारीच वालिदांची कबर आहे.

वाचकहो, आमच्या मकतबमध्ये मुलांना आणून सोडताना अनेक पालक म्हणतात की मुलाला चांगले वळण लावा. आम्ही दुआ पाठ करून घेऊ शकतो, अदब समजावू शकतो. परंतु मकतबची वेळ एका तासाची असते. उरलेले तेवीस तास मूल आपल्याकडे पाहत असते : बंदरावरच्या पाळीहून थकून आलेला बाप आजीशी कसा बोलतो, कामवाल्या बाईला पाणी कोण देते, शेजाऱ्याशी वाद झाल्यावर आई काय करते.

आज रात्री आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना पाण्याचा प्याला आपण स्वतः नेऊन द्या. मूल पाहत असेल. अल्लाह आपणा सर्वांना तौफीक देवो. आमीन.