बर्नरच्या नावामागचा माणूस

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला बन्सन बर्नर आपण सगळ्यांनीच पेटवलाय. पण हा बन्सन कोण, याची चौकशी फारसं कुणी करत नाही.

रॉबर्ट बन्सन १८११ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावी जन्मला. शिक्षणही तिथेच. पुढे त्याला नाद लागला आर्सेनिकचा, म्हणजे आपल्या सोमलाचा. १८३४ मध्ये बर्थोल्ड नावाच्या डॉक्टरबरोबर त्याने सोमलावर उतारा शोधला. ताजं बनवलेलं आयर्न हायड्रॉक्साइड पोटात गेलं की सोमल त्याला धरून बसतो, विरघळत नाही.

उतारा सापडला म्हणून विष थोडंच गप्प बसतं! पुढे काही वर्षं तो काकोडिल या आर्सेनिकच्या संयुगांच्या मागे लागला. भयानक वास, जबरदस्त विषारी, त्यातली काही तर हवा लागताच पेट घेणारी. या कामात स्फोट झाला आणि उजवा डोळा कायमचा गेला. विषबाधेने तो मरता मरता वाचला. त्यानंतरचं त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र नजरेचंच, तेही एका डोळ्याने!

१८५२ मध्ये तो हायडेलबर्गला प्रोफेसर झाला. तिथे नव्या लॅबसाठी डेसागा या मेकॅनिककडून १८५५ च्या सुमारास बर्नर बनवून घेतला. गॅस जळण्याआधीच त्यात हवा मिसळायची, एवढीच युक्ती. त्यामुळे ज्योत जवळजवळ रंगहीन झाली आणि तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग स्वच्छ दिसू लागला. पठ्ठ्याने पेटंट काही घेतलं नाही.

हा रंग प्रिझममधून बघ, असं सुचवलं फिजिक्सवाल्या किर्खहॉफने. दोघांनी खोलीच्या एका कोपऱ्यात ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट उडवलं आणि लांब दुसरीकडे ज्योतीत पिवळी रेषा पाहिली. हिशेब केला, तर मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहून कमी सोडियमचा क्षारही डोळ्याला कळत होता! साध्या धुळीतही सोडियम निघायचं. (ट्रेस अ‍ॅनालिसिसवाल्यांची ही डोकेदुखी आजही आहे. भांडी आधी अ‍ॅसिडमध्ये भिजवा, मग बोला.) १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. चाळीस टनांहून जास्त पाणी आटवून हाती आलं जेमतेम सात ग्रॅम सीझियम क्लोराइड. पुढच्या वर्षी रुबिडियम मिळालं.

आपल्या कामाची गोष्ट मात्र किर्खहॉफच्या हाती लागली. सूर्यप्रकाश सोडियमच्या ज्योतीतून सोडला, तर त्यातली काळी रेषा आणखी काळी होते. म्हणजे जो प्रकाश वाफ देते, तोच ती शोषूनही घेते. रोजच्या मोजमापासाठी हे वापरता येईल, हे मेलबर्नच्या अ‍ॅलन वॉल्शला सुचायला १९५२ उजाडलं. १९५५ मध्ये त्याचा पेपर आला आणि अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन मार्गी लागलं. रक्तातलं शिसं मोजायचं तर दिवाही शिशाचाच लावतात. नमुना ग्राफाइटच्या नळीत तापवून अणू मोकळे करतात आणि दिव्याचा प्रकाश किती घटला ते बघतात. प्रमाण माहीत असलेल्या द्रावणांशी ताडलं की आकडा मिळतो.

लघवीतला सोमल पकडण्याची एक रीत अशी, की त्याचा आधी वायू करतात आणि तो तापलेल्या क्वार्ट्झच्या नळीत सोडतात. तिथे शोषला जाणारा प्रकाश १९३.७ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील. तो डोळ्याला दिसतच नाही, डोळा एक असो की दोन.

बन्सनने लग्न केलं नाही. १८८९ मध्ये निवृत्त झाल्यावर तो भूगर्भशास्त्रात रमला आणि १६ ऑगस्ट १८९९ रोजी हायडेलबर्गलाच वारला.