बत्तीस सभासदांत एकटा

श्रीरामपूर हे लोहमार्गाने आणि पाण्याने घडविलेले नगर आहे. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली, भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला आणि बेलापूर रोड या स्टेशनाभोवती बाजारपेठ, शाळा व पुढे नगरपालिका आली. अशा गावात सार्वजनिक नीतीचा प्रश्न ग्रंथांत शोधावा लागत नाही. तो कालव्याच्या चारीवर, बाजारतळावर आणि नगरपालिकेच्या ठरावात रोज उभा राहतो. पाणी, बाजार आणि सार्वजनिक पैसा या तिन्हींचा विचार करणारा एक माणूस महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच होऊन गेला. महात्मा जोतीराव फुले यांना समाजसुधारक म्हणून सारेच ओळखतात; पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून मात्र त्यांचे स्मरण क्वचितच होते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. अहमदनगर येथील मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी त्यांच्या कार्याचा असा आरंभापासूनचा संबंध आहे. पुढे सावित्रीबाईंसह त्यांनी चालविलेल्या शाळा, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद आणि १८७३ चा सत्यशोधक समाज हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण हे सारे करीत असताना त्यांचा चरितार्थ चालत होता तो कंत्राटदारीवर. खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरविणे, येरवड्याचा पूल बांधणे अशी कामे त्यांनी केली. त्यामुळे सरकारी बांधकामावर मजुराचा घाम किती गळतो आणि खात्यातल्या माणसांचे हात कुठे कुठे ओले होतात, हे त्यांना ऐकून नव्हे तर डोळ्यांनी पाहून माहीत होते. मजुरांच्या या लुबाडणुकीवर त्यांनी पुढे कठोरपणे लिहिले.

१८७६ साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. १८८२ पर्यंत ते त्या जागी होते. सभासदत्व हा तेव्हा मानाचा पोशाख समजला जाई. निवडणूक नव्हती, मतदाराला जाब देणे नव्हते. सरकारची मर्जी राखली की झाले. नेमलेल्या सभासदाने नेमणाऱ्याच्या विरोधात जावे, अशी अपेक्षाही कोणी करीत नसे.

आणि तरीही तो प्रसंग घडला. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्यास नगरपालिकेच्या अध्यक्षांनी सभासदांची संमती मागितली. अवघ्या तीन वर्षांपूर्वी दुष्काळाने दख्खनची वाताहत केली होती. धनकवडी येथे सत्यशोधकांनी उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले होते. ती मुले जोतीरावांच्या डोळ्यांपुढून गेली नसावीत. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे त्यांनी सुचविले. बत्तीस सभासदांत विरोधी मत देणारे ते एकटेच निघाले. ठराव अर्थातच संमत झाला. पण पराभूत झालेले ते एक मतच आज लक्षात राहिले आहे. संमती देणाऱ्यांची नावे शोधावी लागतात.

त्याच सुमारास शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. शनिवारवाड्यापुढील मैदानात भरणारी मंडई हलवून तिच्यासाठी लाखो रुपयांची इमारत उभारण्याची योजना आली, तेव्हा तिलाही त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, हेच त्यांचे म्हणणे होते. इमारत १८८६ मध्ये पुरी झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. दैवदुर्विलास असा की पुढे तीच इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाऊ लागली. मंडईमुळे शहराची सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. जोतीरावांची हरकत इमारतीला नव्हती, क्रमाला होती. ज्या शेतकऱ्याच्या भाजीपाल्यावर नगरपालिका जकात घेते, त्याच्या मुलाच्या शाळेला पैसा कमी पडत असताना शोभेला तो कोठून येतो, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. शहरातील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, परंतु त्या शाळांचा कारभार मात्र त्यांच्या हाती देऊ नये, असे त्यांनी सांगितले. स्वतः सभासद राहिलेल्या माणसाने आपल्याच संस्थेचे अधिकार मर्यादित करा म्हणणे ही सामान्य गोष्ट नव्हे. शिक्षकाला निदान बारा रुपये वेतन असावे, अशीही त्यांची मागणी होती. सेवकाकडून चोख कामाची अपेक्षा करणाऱ्या समाजाने त्याला पोटापुरते दिले पाहिजे, ही त्या निवेदनातील दुसरी बाजू कारकून व शिक्षक वर्गाने विसरू नये.

१८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांची नजर पाटबंधाऱ्याकडे वळली. पाणीपट्टी वसूल होते, पण प्रत्येक शेतकऱ्याला हक्काचे पाणी पोचते की नाही याची जबाबदारी खाते घेत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या श्रीरामपूरच्या शेतकऱ्याला हा आक्षेप समजावून सांगण्याची गरज नाही.

१८८८ साली त्यांना पक्षाघात झाला. अखेरच्या दिवसांत घरात पैशाची चणचण होती. मित्रांना त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे साहाय्याची शिफारस करावी लागली. कंत्राटदारी केलेला, नगरपालिकेत सहा वर्षे बसलेला हा माणूस २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तला, तेव्हा मागे संपत्ती नव्हती.

आता काळ पालटला आहे. नगरपालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणाऱ्या सदस्याला १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम अपात्र ठरवितो. लाचेविरुद्ध १९८८ चा कायदा आहे, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, २०१५ पासून लोकसेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क आहे. यांपैकी एकही साधन जोतीरावांपाशी नव्हते. तरीही कायद्याची लक्ष्मणरेषा न ओलांडता सार्वजनिक पैसा चुकीच्या कामावर उधळता येतो, हे लिटनच्या स्वागताने तेव्हाच दाखवून दिले होते. त्या हजार रुपयांत कोणी लाच घेतली नव्हती. ठराव रीतसर होता, संमती रीतसर होती.

म्हणूनच नीतीची कसोटी लाच घेतली की नाही एवढ्यावर संपत नाही. हा पैसा कोणी दिला आणि जो सभागृहात बसलेला नाही त्याच्या वाट्याला त्यातून काय आले, हे विचारल्यावाचून ती पुरी होत नाही. टिपणी लिहिणारा कारकून, देयकावर सही करणारा अभियंता आणि हात वर करणारा सदस्य या तिघांनाही हा प्रश्न सारखाच लागू आहे. नगरात असो वा ग्रामपंचायतीत, तो विचारणारा एक जण बहुधा एकटा पडतो. त्याच्या पाठीशी उभे राहणे हे मात्र नागरिकांचे काम आहे, आणि १८८० च्या पुण्यात ते कोणी केले नाही.