साने गुरुजी आणि खरी गोष्ट



आपल्या आयसेलिन-एडिसन भागातल्या बऱ्याच मराठी घरांत आता कुत्री आहेत. काही विकत आणलेली, काही शेल्टरमधून आणलेली. शेल्टरमधल्या कुत्र्याच्या मागे एक गोष्ट असते. त्याला कोणीतरी सोडून दिलेले असते, मग तो आपल्या घरी येतो, आधी कोपऱ्यात घाबरून बसतो आणि हळूहळू आपला होतो. ही गोष्ट मुलांनी मराठीत लिहावी असे आम्हा पालकांना फार वाटते. पण खरी गोष्ट लिहायची तर तिच्यातल्या दुःखाचे काय करायचे? ते सांगायचे की गाळायचे? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला साने गुरुजींच्या चरित्रात मिळाले.

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, म्हणजे एके काळी बऱ्यापैकी सुखवस्तू. पण गुरुजींच्या लहानपणी घर कर्जात बुडाले आणि गरिबी आली. आई यशोदाबाई यांनी पैशावाचून जे देता येते ते सारे मुलांना दिले: फुलझाडांवर प्रेम, मुक्या प्राण्यांवर दया, खरे बोलण्याची सवय. १९१७ साली आई वारली, तेव्हा गुरुजी शिक्षणासाठी घरापासून दूर होते. आईची शेवटची भेट झाली नाही याचे दुःख त्यांना जन्मभर राहिले.

पुण्यात हालअपेष्टा सोसून ते एम.ए. झाले आणि १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. तिथल्या वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, आजारी मुलाच्या उशाशी बसून राहत. आणि मुलांनो, तुम्हाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. त्या वसतिगृहात ते हाताने लिहून एक रोजचे पत्र काढीत. नाव होते 'छात्रालय दैनिक'. आपले हे वार्तापत्र तीन महिन्यांतून एकदा काढताना आमची तारांबळ उडते, आणि आमच्याकडे संगणक आहे, झेरॉक्सचे यंत्र आहे! गुरुजी ते काम शाळेत शिकवून, एकटे आणि हाताने करीत.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी नोकरी सोडून त्यात उडी घेतली आणि तुरुंगात गेले. पुढे तुरुंगवास अनेकदा घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. ती १८ प्रवचने गुरुजींनी भराभर लिहून घेतली, म्हणून आज आपल्याला 'गीता प्रवचने' हे पुस्तक वाचायला मिळते.

त्यानंतर ते नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या. दिवसा तुरुंगातले काम असे, म्हणून लिहिणे रात्री आणि पहाटे. १३ फेब्रुवारीला पुस्तक लिहून झाले. पाच दिवसांत! आमच्यासारख्या इंजिनियरांचा एक साधा प्रोग्रॅमसुद्धा पाच दिवसांत धड चालत नाही. ते पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. श्याम नावाचा तरुण आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. नाव श्यामचे, पण आठवणी गुरुजींच्या.

त्यात प्राण्यांच्या आठवणी आहेत. एक आहे घरट्यातून पडलेल्या पाखराच्या पिलाची. श्याम आणि घरातली मंडळी त्याला उचलतात, जपून ठेवतात, खाऊपिऊ घालायला बघतात. पण पिलू जगत नाही. दुसरी आहे मोरी गाईची. आईचा हात लागल्याशिवाय ती दूध देत नसे. गुरांची साथ येते आणि त्यात मोरी जाते.

आमच्या मनात येते की लिहिणारा दुसरा कोणी असता तर त्याने पिलू आकाशात उडवले असते आणि मोरीला बरे केले असते. मुलांना बरे वाटले असते. गुरुजींनी तसे केले नाही. जे वाचले नाही ते वाचले नाही असेच लिहिले. मात्र त्याला वाचवायला कोण धडपडले, हेही त्यांनी नीट लिहिले. पिलू मेल्यावर आपण रडतो आणि तरी दुसऱ्या दिवशी अंगणात पडलेले दुसरे पिलू उचलावेसे वाटते, ते या लिहिण्यामुळे.

पुढचे चरित्र थोडक्यात. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपवास केला आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, ते आजही निघते. 'श्यामची आई'वर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ते पाहायला गुरुजी नव्हते.

गांधीजींच्या हत्येने ते फार खचले होते. त्यासाठी त्यांनी २१ दिवसांचा उपवासही केला होता. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःहून आपले जीवन संपवले. हे वाक्य लिहावे की नाही यावर आम्हा पालकांत बरीच चर्चा झाली. पण खऱ्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाची गोष्ट अर्धवट सांगणे आम्हाला पटले नाही. मुलांनो, मायाळू आणि मोठ्या माणसांचेही मन कधी फार दुखते. तुमचे दुखले तर ते एकट्याने सोसू नका, आईबाबांना किंवा बाईंना सांगा. पालकहो, हा भाग मुलांच्या शेजारी बसून वाचावा.

आता तुमची पाळी. तुमच्या कुत्र्याची, मांजराची किंवा खिडकीत पडलेल्या चिमणीची खरी गोष्ट एका पानात लिहा. पहिल्या रात्री तो भुंकत राहिला, त्याने नवा गालिचा फाडला, तेही लिहा. तो आता नसेल, तर तो नाही असेही लिहा. शुद्धलेखनाची काळजी आम्ही घेऊ. पुढच्या अंकासाठी तुमची पाने वर्गात बाईंकडे द्या.