बाळू पालवणकरांना विसरू नका

शिरड शहापूरच्या पोरांना क्रिकेटचे सारे हिरो पाठ आहेत. बाळू पालवणकर मात्र ठाऊक नाहीत. चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या मैदानावर राबता राबता फिरकी शिकले. तिथल्या हिंदू क्लबला त्यांची गोलंदाजी चालली, पण चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९०६ मध्ये मुंबईत त्यांच्या हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी लोळवले. १९११ च्या पहिल्या अखिल भारतीय इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी कर्णधारपद नाहीच. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९३७ मध्ये बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व हरले. १९५५ मध्ये वारले. त्या निवडणुकीत आम्ही बाबासाहेबांचेच. पण म्हणून बाळूंचा मैदानावरील लढा पुसायचा काय? बांधवांनो, पोरांना हे नाव सांगा.